भरदार लाल वाइनची पारख : बागायतदाराने ती का आणि कशी शिकावी?

(वाशी, नवी मुंबई येथे वाइन-द्राक्ष बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तुर्भ्याच्या फळबाजारात थॉम्पसन, सोनाका किंवा शरद सीडलेसची पेटी तुमच्यापुढे उघडली, तर तो माल कोणत्या भावाला जाईल हे तुम्ही झाकण बाजूला होताच सांगू शकता. मण्याची फुगवण, रंग, देठाचा हिरवेपणा आणि बोटाने दाबल्यावर लागणारा कडकपणा एवढ्यावरून तुमची प्रतवारी होते. ही पारख तुम्हाला कोणी शिकवलेली नाही. वर्षानुवर्षे माल हाताळून ती आलेली आहे.

पण हेच बागायतदार शिराझ किंवा कॅबर्नेट सॉव्हिनॉनची ट्रॉली घेऊन वाइनरीच्या दारात उभे राहतात, तेव्हा त्यांच्या हातात दोनच आकडे असतात : वजन किती टन आणि साखर किती ब्रिक्स. त्या द्राक्षाची वाइन कशी झाली, ती शेजारच्या बागेपेक्षा सरस झाली की निरस, आणि त्यात आपल्या छाटणीचा, पाण्याचा, खताचा वाटा किती, हे बहुतेकांना कधीच कळत नाही. आंबा पिकवून तो न चाखणारा बागायतदार कोकणात सापडणार नाही. वाइन-द्राक्षाच्या बागायतदाराची स्थिती मात्र नेमकी तशीच आहे. ज्याला आपल्या मालाचा गुण सांगता येत नाही, त्याला भावाची बोलणीही करता येत नाहीत. म्हणून आजचा विषय घेतला आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी कृषिविद्या शिकवतो. वाइन पिण्याचा प्रचार करणे हा माझा हेतू नाही. मद्य शरीराला अपायकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्ययुक्त पेयांचा कर्करोगकारक पदार्थांत समावेश केला आहे. महाराष्ट्रात २१ वर्षांखालील व्यक्तीला वाइन घेता येत नाही. पारख करणारी मंडळी वाइन तोंडात फिरवून थुंकून टाकतात. जगभर हीच रीत आहे आणि आपणही तीच पाळावी. ज्यांच्या गळ्यात माळ आहे किंवा ज्यांना मद्याचा स्पर्शही नको आहे, त्यांनाही उपयोगी पडेल असा भाग पुढे दिला आहे.

आज ही पारख का हवी?

महाराष्ट्रातील आधुनिक वाइन उद्योगाची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगाव परिसरात झाली. १९९९-२००० च्या सुमारास नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात नवी वाइनरी उभी राहिली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले. त्या लाटेत अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ नंतर मंदी आली, मागणी घटली, आणि बऱ्याच बागायतदारांनी त्या बागा काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. ज्यांनी तो काळ पाहिला आहे, त्यांना जास्त सांगण्याची गरज नाही.

आता दुसरी परीक्षा आहे. या नवी मुंबईच्याच हद्दीशेजारी न्हावा शेवा बंदर आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातून आपली खाण्याची द्राक्षे युरोपला जातात, आणि याच बंदरातून परदेशी वाइन देशात येते. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. पूर्वी आयात वाइनवर १५० टक्के शुल्क होते. या कराराने ५ डॉलरपेक्षा अधिक आयात किमतीच्या ऑस्ट्रेलियन वाइनच्या बाटलीवर ते १०० टक्के झाले आणि १० वर्षांत ५० टक्क्यांवर यायचे आहे. १५ डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या बाटलीवर ते ७५ टक्के झाले आणि पुढे २५ टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. ऑस्ट्रेलियाची ख्याती कशासाठी आहे? शिराझच्या भरदार लाल वाइनसाठी. म्हणजे दिंडोरी, निफाड, अकलूज या भागात आपण जी जात लावली, तिचीच वाइन दुकानाच्या त्याच फळीवर शेजारी येऊन बसणार आहे. त्या दोन बाटल्यांत ग्राहकाला काय फरक लागतो, हे आधी आपल्याला कळले पाहिजे.

भरदार म्हणजे काय?

वाइनचे जाणकार 'बॉडी' असा शब्द वापरतात. आपल्याकडे त्याला 'अंग' म्हणता येईल. पाणी घातलेले दूध आणि सायीचे दूध, पातळ ताक आणि घट्ट ताक यांच्या चवीत जीभ जो जडपणाचा फरक सांगते, तेच अंग. लाल वाइनला हे अंग मुख्यतः तीन गोष्टींनी येते.

१) अल्कोहोल : भरदार लाल वाइनमध्ये ते साधारण १३.५ ते १५ टक्के असते. रसातील ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणले की अल्कोहोलचा अंदाज येतो. २४ ब्रिक्सच्या द्राक्षापासून सुमारे १३.२ ते १४.४ टक्के अल्कोहोल होते.

२) टॅनिन : सालीतून आणि बियांतून उतरणारा तुरट पदार्थ. तो लाळेतील प्रथिनांना धरून ठेवतो, त्यामुळे जीभ कोरडी व खरखरीत होते.

३) विरघळलेले इतर घटक : रंगद्रव्ये, आम्ले, ग्लिसरॉल इत्यादी.

येथे मराठी माणसाला एक फायदा आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट अशा सहा चवी आपण लहानपणीच शिकतो. तुरट आणि कडू यांतला भेद कळायला पाश्चात्त्य विद्यार्थ्याला वेळ लागतो. आपल्याकडे कारले कडू आणि सुपारी तुरट, हे पोरालाही ठाऊक असते. लाल वाइनची निम्मी पारख या एका भेदावर उभी आहे.

गुण मण्याच्या सालीत असतो

लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा सुवास सालीत असतो. गर जवळजवळ बिनरंगी असतो. म्हणून लाल वाइन करताना रस सालीसह आंबवतात. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. १८ मि.मी. व्यासाचा मणी आणि १२ मि.मी. व्यासाचा मणी यांची तुलना केली, तर तेवढ्याच आकारमानाला लहान मण्यात दीडपट साल मिळते.

खाण्याच्या द्राक्षात आपण आयुष्यभर याच्या उलट केले. जी.ए.च्या बुडवण्या, भरपूर पाणी, मणी फुगवण्यासाठी खते, सारे काही मोठ्या मण्यासाठी. ती सवय वाइनच्या बागेत नेली, तर वजन वाढते आणि वाइन पातळ, फिकी होते. वाइनरीचा तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी सालीत जे नाही ते पिंपात येत नाही.

आपल्या हवामानाची अडचण

युरोपात द्राक्ष पिकते तेव्हा उन्हाळा संपून हवा थंड होत असते. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो, म्हणजे द्राक्ष पिकत असताना हवा तापत जाते. याचे परिणाम तीन होतात. साखर झपाट्याने चढते. मॅलिक आम्ल उष्णतेने लवकर जळते, त्यामुळे आंबटपणा घटतो व सामू वाढतो. बियांचे आणि सालीचे टॅनिन मात्र त्या वेगाने पक्व होत नाही. तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर रंगही कमी भरतो.

म्हणून आपल्या लाल वाइनचा ठरावीक दोष असा : अल्कोहोल भरपूर, आंबटपणा कमी आणि तुरटपणा कच्च्या फळासारखा. ब्रिक्स मीटरवर २४ दिसले म्हणजे द्राक्ष पिकले असे समजणे येथेच चुकते. साखर तयार झाली, पण साल आणि बी तयार झाले का, हे रिफ्रॅक्टोमीटर सांगत नाही. जीभ सांगते.

फळछाटणी लवकर घेऊन जानेवारीच्या थंडीत माल पिकवणे हा एक उपाय आहे. पण लवकर छाटणी म्हणजे परतीच्या पावसात कोवळी फूट, आणि डाऊनीचा (केवडा) धोका. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या भागातील पाऊस, आपली फवारणीची तयारी आणि कराराचा भाव पाहून मांडावा.

तुलनेची तयारी

आता प्रत्यक्ष पद्धत सांगतो. दहा-बारा बागायतदारांच्या गटाने ती सहज करता येते.

१) वेळ : सकाळी १० ते ११.३० उत्तम. त्याआधी एक तास तंबाखू, पान, चहा आणि मसालेदार नाश्ता टाळावा. खोलीत उदबत्ती, अत्तर किंवा स्वयंपाकाचा वास नसावा.

२) पेले : पातळ काचेचे, बिनरंगी, देठाचे आणि तोंडाशी निमुळते असे सारखे पेले घ्यावेत. प्रत्येकात सुमारे ५० मि.लि. इतकीच वाइन ओतावी, म्हणजे पेला फिरवता येतो आणि वास वर साठतो.

३) तापमान : परदेशी पुस्तकांत लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असे लिहिलेले असते. ती खोली युरोपातली आहे, वाशीतली नव्हे! योग्य तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस. आपल्याकडे बाटली अर्धा तास शीतकपाटात ठेवून मग उघडावी. ३० अंशाला भरदार वाइन नुसती जळजळीत लागते आणि चांगली वाइनही बदनाम होते.

४) संख्या : एका बैठकीत सहापेक्षा जास्त भरदार वाइन घेऊ नयेत. तुरटपणा जिभेवर साचत जातो आणि सातवी वाइन कशीही असली तरी खरखरीतच वाटते. हलकी आधी, भारी नंतर असा क्रम ठेवावा. मधे साधे पाणी आणि बिनमिठाची पोळी किंवा पाव खावा.

५) नाव झाकणे : बाटल्यांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून १, २, ३ असे क्रमांक द्यावेत. ज्याने कागद गुंडाळला त्याने गुण देऊ नयेत.

नाव झाकण्याचे महत्त्व दोन उदाहरणांवरून पटेल. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव झाकून ठेवल्या गेल्या. लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या 'स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स'ची १९७३ सालची कॅबर्नेट पहिली आली, आणि बोर्दोच्या नामांकित 'शातो मुतो रोथशिल्ड'ची १९७० सालची वाइन तिच्या मागे पडली. नावे दिसत असती तर असा निकाल लागणे कठीण होते. दुसरे उदाहरण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचे. बोर्दो विद्यापीठातील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळा नाकाला फसवतो, आणि लेबल दोघांनाही.

पारख करण्याचे चार टप्पे

पहिला टप्पा, पाहणे. पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरावा. कडेचा रंग जांभळट असेल तर वाइन तरुण, विटकरी असेल तर वयस्क. रंग गढूळ, निस्तेज किंवा निळसर झाक मारणारा असेल तर सामू जास्त असण्याची शक्यता असते. पेल्याच्या काचेवरून ओघळणाऱ्या धारा बहुतांशी अल्कोहोलचे प्रमाण दाखवतात. त्यावरून प्रत ठरवू नये.

दुसरा टप्पा, वास घेणे. आधी पेला न हलवता, नंतर फिरवून वास घ्यावा. पुस्तकातील परदेशी फळांची नावे पाठ करू नयेत. जांभूळ, करवंद, काळा मनुका, मिरे, लवंग, सुके खोबरे, ओली माती हे आपलेच शब्द पुरेसे आहेत. शिराझमध्ये काळ्या मिऱ्याचा वास येतो. तो ज्या द्रव्यामुळे येतो ते 'रोटुंडोन', मिऱ्यातही तेच असते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हे दाखवून दिले. कॅबर्नेटमध्ये ढोबळी मिरचीचा हिरवा वास आला, तर घड दाट पानांच्या सावलीत राहिले किंवा तोडणी लवकर झाली असे समजावे. लवंग, व्हॅनिला, खोबरे हे वास मात्र ओकच्या पिंपाचे असतात. ते बागेच्या खात्यावर जमा करू नयेत.

तिसरा टप्पा, चाखणे. एक चमचाभर वाइन तोंडात घेऊन १० सेकंद सगळीकडे फिरवावी आणि स्वतःला चार प्रश्न विचारावेत. तोंडाला पाणी सुटते का? (आंबटपणा) हिरड्या आणि जीभ किती कोरडी पडते? (तुरटपणा) घशाशी किती उष्ण लागते? (अल्कोहोल) एकूण जडपणा किती? (अंग) तुरटपणा केवळ किती हे पाहू नये, कसा आहे हेही पाहावे. पक्व द्राक्षाचा तुरटपणा चांगल्या उकळलेल्या चहासारखा गोल असतो. कच्च्या द्राक्षाचा तुरटपणा हिरव्या केळ्याच्या सालीसारखा टोचतो आणि मागे कडवट राहतो.

चौथा टप्पा, शेवट. थुंकल्यावर चव किती वेळ राहते ते मनात मोजावे. तीन-चार सेकंदांत सगळे संपले तर वाइन साधी. दहा सेकंदांच्या पुढे फळाची चव टिकली तर चांगली. केवळ जळजळ किंवा कडवटपणा टिकला तर ती लांबी गुणात धरू नये.

गुणपत्रक

अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५९ मध्ये २० गुणांची पद्धत तयार केली. त्याच धर्तीवर बागायतदारांसाठी सोपे गुणपत्रक पुढीलप्रमाणे वापरावे :

रंग व स्वच्छता – ३
वास – ६
आंबटपणा – २
तुरटपणा – ३
अंग – ३
शेवट – ३
एकूण – २०

गुण प्रत्येकाने न बोलता, स्वतंत्र कागदावर लिहावेत. गटातील ज्येष्ठाने आधी मत दिले की बाकीचे मान हलवतात. हे ग्रामसभेत चालेल, येथे चालत नाही.

दोन वाइनमध्ये खरोखर फरक आहे का, अशी शंका असेल तर तीन पेल्यांची चाचणी करावी. दोन पेल्यांत एकच वाइन आणि तिसऱ्यात दुसरी ठेवून वेगळा पेला ओळखायला सांगावे. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतो. म्हणून १२ जणांपैकी किमान ८ जणांनी बरोबर ओळखले, तरच फरक आहे असे मानावे.

दोष कोणाचा : बागेचा की वाइनरीचा?

हा भाग नीट लक्षात ठेवा, कारण भावाच्या बोलण्यात तो उपयोगी पडतो.

कुजक्या अंड्याचा वास : हायड्रोजन सल्फाइडचा. यीस्टला नत्र कमी पडल्याने तो येतो. तसाच भुरीसाठी मारलेले गंधक तोडणीपर्यंत मण्यावर राहिले तरी येतो. म्हणून तोडणीच्या आधी गंधकाची धुरळणी व फवारणी वेळीच थांबवावी आणि नोंद ठेवावी.

पातळ अंग, फिका रंग : बहुधा बागेचा. जादा उत्पादन, जादा पाणी किंवा मोठा मणी.

हिरवा वास, टोचणारा तुरटपणा : बागेचा किंवा तोडणीच्या तारखेचा. तारीख वाइनरीने ठरवली असेल तर तसे लिहून ठेवावे.

सपाट, निस्तेज चव : सामू जास्त. फार जोमदार खुंट, जमिनीत व पानात जादा पालाश आणि उशिरा तोडणी ही कारणे. साखर चढवण्यासाठी शेवटी पोटॅश सोडण्याची खाण्याच्या द्राक्षातील सवय येथे नडते, कारण मण्यात पालाश वाढला की सामू वाढतो. देठ परीक्षण केल्याशिवाय पालाश देऊ नये. सामू ३.४ वरून ३.८ वर गेला तर वाइन टिकवण्यासाठी मुक्त सल्फर डायऑक्साइड सुमारे अडीचपट लागतो. वाइनरी सामूवर कपात लावते ती यामुळे.

व्हिनेगरचा वास : तडकलेले, कुजलेले मणी ट्रॉलीत गेले असतील तर बागेचा आणि वाहतुकीचा. पिंपात हवा शिरली असेल तर वाइनरीचा. म्हणून तोडणी पहाटे, उथळ क्रेटमध्ये करावी आणि माल दुपारच्या उन्हात उभा ठेवू नये.

ओल्या गोणपाटाचा वास : बुचाचा. जुन्या गोठ्यासारखा किंवा औषधी पट्टीसारखा वास : ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचा, म्हणजे तळघराच्या स्वच्छतेचा. या दोहोंत बागायतदाराचा संबंध नाही.

वाइन न चाखता पारख

ज्यांना वाइन नको आहे त्यांनी जिभेचा सराव असा करावा. एक लिटर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक आम्ल (किराणा दुकानातील लिंबूसत्त्व) विरघळवून आंबटपणा ओळखावा. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा एक मिनिट उकळलेला आणि पाच मिनिटे उकळलेला, दोन्ही गार करून शेजारी ठेवावा आणि तुरटपणाच्या पायऱ्या ओळखाव्यात.

त्यानंतर खरी परीक्षा बागेत होते. मण्यात पाणी उतरल्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी सुरुवात करून दर तीन-चार दिवसांनी प्लॉटभर फिरून १०० मणी घ्यावेत. ओळीच्या दोन्ही बाजू, घडाचा खांदा, मध्य आणि शेंडा सगळे यावे. १०० मण्यांचे वजन करावे. काही मणी एकेक चाखावेत. आधी गर चोखून गोडी-आंबटपणा पाहावा. मग साल दहा-बारा वेळा चावून थुंकावी. साल सहज फुटते का, चावताना जांभळा रंग सुटतो का, तोंड कोरडे पडते की टोचते, हे टिपावे. शेवटी बी पाहावे. हिरवे बी म्हणजे कच्चे, तपकिरी आणि दाताखाली कडक मोडणारे बी म्हणजे पक्व. उरलेले मणी चिरडून रसाचा ब्रिक्स व सामू मोजावा. लाल वाइनसाठी २३ ते २५ ब्रिक्स, सामू ३.४ ते ३.७ आणि तपकिरी बी, हे तिन्ही एकत्र आले की तोडणीची वेळ आली असे समजावे. नुसता ब्रिक्स आला आणि बी हिरवे असेल तर पाने, पाणी आणि पुढच्या वर्षीची छाटणीची तारीख यांचा विचार करावा.

हे काम वाइनचा थेंबही तोंडात न घेता होते आणि वाइनच्या प्रतीचा मोठा भाग त्यातच ठरतो.

कोणत्या वाइन शेजारी ठेवाव्यात?

कोणत्याही दोन बाटल्या शेजारी ठेवून काही शिकता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट वेगळी असावी. एकच जात, एकच साल, पण दोन भाग. किंवा एकच भाग, पण दोन जाती. बाजारातील उदाहरणे द्यायची तर नाशिक भागातील 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' आणि ऑस्ट्रेलियाची त्याच किमतीच्या आसपासची शिराझ शेजारी ठेवता येईल. अकलूजची 'सेट्टे' ही सांजोव्हेजे आणि कॅबर्नेट यांच्या मिश्रणाची वाइन आहे, म्हणून ती शुद्ध कॅबर्नेटशी तोलताना हा फरक ध्यानात ठेवावा. ही नावे समजण्यासाठी दिली आहेत, शिफारस म्हणून नव्हे.

पण सर्वांत मोलाची तुलना आपल्याच बागेची. वाइनरीकडे अशी मागणी करावी : माझ्या प्लॉटचे दोन भाग वेगळे तोडून त्यांची थोडी थोडी वाइन वेगळी करा आणि हंगामानंतर मला नाव झाकून चाखू द्या. एका भागात एकरी ८ टन ठेवावे, दुसऱ्यात घडविरळणी करून ५ टन. बाकी सारे सारखे.

हिशेब

केवळ चव सुधारली म्हणून घर चालत नाही. समजा, ८ टन माल किलोला ३५ रुपयांनी गेला तर एकरी २ लाख ८० हजार रुपये झाले. ५ टन मालाला तेवढेच पैसे यायचे तर किलोला ५६ रुपये मिळाले पाहिजेत. विरळणीची मजुरी वेगळी. वाइनरी ४५ रुपये देत असेल तर तुम्ही चांगली वाइन केली आणि ५५ हजार रुपये घालवले. अशा वेळी विरळणी करा असे सांगणारा सल्ला अपुरा आहे. करारात टन आणि ब्रिक्स यांच्याबरोबर सामू, मण्याचे वजन आणि घडाचे आरोग्य यांना दर ठरला पाहिजे, आणि कमी उत्पादन ठेवायचे असेल तर भाव एकराप्रमाणे मागता आला पाहिजे. नाव झाकून केलेल्या चाचणीत १२ पैकी ९ जणांनी तुमचा ५ टनांचा भाग ओळखला आणि त्याला जास्त गुण दिले, तर तो कागद बोलण्याच्या वेळी टेबलावर ठेवा. ओळखता आला नाही, तर ८ टनांवर राहा आणि विरळणीचा खर्च वाचवा. दोन्ही उत्तरे उपयोगाचीच आहेत.

थोडक्यात

१) तोडणीचा निर्णय केवळ ब्रिक्सवर घेऊ नये. साल, बी व सामू पाहावा.
२) मणी लहान ठेवावा. खाण्याच्या द्राक्षाची जी.ए. व पालाशाची सवय वाइनच्या बागेत नेऊ नये.
३) गंधकाच्या शेवटच्या वापराची तारीख लिहून ठेवावी.
४) वर्षातून एकदा तरी गटाने नाव झाकून तुलना करावी, गुण लिहावेत, वाइन थुंकावी आणि गाडी चालवण्याचा प्रश्नच येऊ देऊ नये.
५) पुढील करारापूर्वी दोन भागांच्या वेगळ्या वाइनची मागणी लेखी करावी.

मांजरी, पुणे येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काम करीत आहे. वाइनच्या जाती, खुंट आणि छाटणी यांबाबतच्या शिफारशी तेथून मिळू शकतात. येत्या फळछाटणीच्या वेळी प्लॉटचे दोन भाग आखून, खुणेची फीत बांधून ठेवा. हंगामाच्या शेवटी दोन पेले शेजारी ठेवून आपल्या कष्टाची चव स्वतः पाहा, आणि मगच भावाच्या बोलणीला बसा, एवढीच विनंती.